मागे उभं राहणाऱ्याचा खेळ

मे महिन्यात पुसदला हौसेनं कुणी येत नाही. लग्न असेल तरच. भाचा तसाच एका लग्नाला पुण्याहून आला. बॅगेत कपडे कमी आणि एका पांढऱ्या खोक्यानं अडवलेली जागा जास्त. "मामा, व्हीआर हेडसेट आहे. तुमच्या त्या एज ऑफ एम्पायर्ससारखा गेम आहे यात. सगळी लढाई टेबलावर मांडलेली, आणि सैनिक हातानं उचलायचे." त्याला घरात येऊन दहा मिनिटं झाली नव्हती, चहा अजून गॅसवर होता, आणि माझी नस त्याला बरोबर सापडली होती.

ही नस कुठून आली ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं म्हणजे चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसाची कुरकुर वाटेल. २००३ ते २०११ अशी आठ वर्षं माझं इथं नेट कॅफे होतं. बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर, एका कापड दुकानाच्या माडीवर. आठ मशिनी, एक हब आणि जिन्यात चपलांचा ढीग. नाव नेट कॅफे, पण नेटवर पोट भरत नव्हतं. दहावी-बारावीचा निकाल लागला की एक दिवस खाली रस्त्यापर्यंत रांग. बाकी वर्षभर गल्ला चालायचा तो गेमवर. तासाला १५ रुपये.

गिऱ्हाइकांत दोन पंथ होते. काउंटर-स्ट्राइकवाले यायचे, बंदुका चालवायचे, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि तासाभरात मोकळे व्हायचे. एजवाले एकदा बसले की उठत नसत. एकेक डाव दीड-दीड तास. घरून डबा आणणारेही होते. मला परवडायचे ते एजवाले, आणि खरं सांगायचं तर आवडायचेही तेच.

ज्यांनी हा प्रकार पाहिलाच नाही त्यांनी बुद्धिबळ डोळ्यांसमोर आणावं आणि त्यातली आळीपाळी काढून टाकावी. तुम्ही हनुवटीला हात लावून विचार करत बसलात म्हणून समोरचा थांबत नाही. सुरुवातीला एक कचेरीवजा इमारत, तीन माणसं आणि एक घोडेस्वार. बाकी नकाशा काळाकुट्ट. घोडेस्वाराला फिरवून मेंढ्या शोधायच्या, माणसांना मेंढ्यांवर, झाडांवर, सोन्याच्या खाणीवर लावायचं, घरं बांधायची, मग बराकी, मग किल्ला, आणि हे चालू असतानाच शेजाऱ्याशी लढायचं. सगळं एकाच वेळी आणि सगळं वरून बघत. याला रिअल टाइम स्ट्रॅटेजी म्हणतात. १९९२ च्या 'ड्यून टू'नं याची घडी बसवली, १९९४ ला 'वॉरक्राफ्ट' आला, १९९७ ला 'एज ऑफ एम्पायर्स', १९९८ ला 'स्टारक्राफ्ट'. आमच्या माडीवर राज्य होतं ते १९९९ च्या 'एज ऑफ एम्पायर्स टू'चं. इंग्रजीच्या पेपरात गटांगळ्या खाणारी पोरं एकट्यानं सराव करताना 'चीज स्टीक जिमीज' हे एक अक्षर न चुकता टाइप करायची, कारण तेवढं टाइप केलं की हजार अन्न फुकट मिळायचं.

मशिनीवर एक जण बसायचा, पण त्याच्या खुर्चीमागे दोघं-तिघं उभे असायचे. बसणारा पैसे द्यायचा आणि उभा राहणारा अक्कल. "डाव्या आंगानं हत्ती येऊन रायले बे!" "अबे, तो कोपऱ्यातला माणूस कव्हाचा रिकामा उभा हाय, लाव त्याले लाकडावर!" बसलेल्याचे डोळे जिथं मारामारी चालली आहे तिथं खिळलेले. उभ्या असलेल्याचे सगळ्या पडद्यावर. काउंटरवरून मी हे आठ वर्षं पाहिलं, आणि या खेळात जो जितका मागे त्याला तितकं जास्त दिसतं, एवढं एकच ज्ञान त्या धंद्यातून माझ्या पदरी पडलं. पैसा काही फार पडला नाही.

एक पोरगा होता, त्याच्या खिशात कधी १५ रुपये नसायचे. रोज संध्याकाळी यायचा, कुणाच्या तरी मागे उभा राहायचा. अशी दोन वर्षं. त्यानं सांगितलेलं ऐकलं तर माणूस जिंकायचा, त्यामुळे पोरं त्याला आपल्या मशिनीमागे ओढायची. एकदा एक जण डाव अर्धा टाकून गेला, तेव्हा मी त्या पोराला म्हटलं, बस, पैसे नको. बसला. हाताला माउसची सवय नव्हती हे खरं, पण तेवढंच नव्हतं. समोरून पाच-सहा घोडेस्वार आले आणि गडी त्यांच्याशीच झुंजत राहिला. मागे त्याच्या शेतांची राख झाली. वीस मिनिटांत कारभार आटोपला. उठताना मला म्हणाला, "भाऊ, बसलं की दिसत नाही." दुसऱ्या दिवशी परत उभा.

त्या वर्षांतल्या लोडशेडिंगबद्दल विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. वेळापत्रक लागायचं, पण लाइन त्याच्याही आधी जायची. यूपीएस कुईं कुईं करू लागले की हातात दहा मिनिटं. कुणीतरी ओरडायचं, "सेव्ह कर बे!" आणि आठही जण एकदम थांबायचे. मग इन्व्हर्टरवरचा एक पंखा, एक ट्यूब आणि काळे मॉनिटर. पण घरी कुणी जात नसे. तू घोडे कशाला काढले, भालेवाले काढायचे होते. नदीच्या पलीकडची खाण त्यानं कधी घेतली. भिंत घातली असती तर. पडदा बंद, नकाशा डोक्यात चालू. मला वाटतं खरा खेळ तोच होता, मॉनिटर फक्त हिशेब ठेवायला.

तर हे डोक्यात असलेला मी, आणि समोर भाच्याचा हेडसेट. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हॉलमधला दिवाण भिंतीला सरकवला, टीपॉय गॅलरीत काढला, कूलर चालू केला. भाच्यानं त्या क्वेस्ट टू हेडसेटला लॅपटॉपची केबल लावली आणि 'ब्रास टॅक्टिक्स' सुरू केला. २०१८ चा हा गेम. हिडन पाथ नावाच्या कंपनीनं केलेला, आणि २०१३ मध्ये 'एज ऑफ एम्पायर्स टू'ला नव्या पडद्यांसाठी घासूनपुसून दिलं होतं तेही याच लोकांनी. तिथल्या संस्थापकांपैकी मार्क टेरानो मूळ 'टू'च्या रचनाकारांत होता. म्हणजे उपऱ्यांनी हात मारून बघितला असं म्हणायची सोय नाही. ज्यांना या खेळाची नाडी ठाऊक, त्यांनीच तो डोळ्यांवर बांधायचा प्रयत्न केला होता.

हेडसेट चढवला आणि हॉल गेला. समोर कमरेएवढ्या उंचीचं लांबच लांब टेबल. त्यावर डोंगर, पूल, बुरूज आणि चावीच्या खेळण्यासारखे चालणारे पितळी सैनिक. खाली वाकलो तर एका सैनिकाचं तोंड थेट माझ्या नाकासमोर. पहिली पाच मिनिटं मी लढलोच नाही. जत्रेत आलेल्या पोरासारखा टेबलाच्या कडेकडेनं वाकून बघत होतो. जे वर्षानुवर्षं काचेच्या पलीकडे होतं, त्यात हात घालता आला. माझ्या अंगावर काटा आला, हे लपवत नाही.

मग शत्रू आला. मी उजवीकडच्या पुलावर गुंतलो होतो, तेवढ्यात डावीकडे कुठंतरी खणखण ऐकू आली. मान वळवली, नीट दिसेना. पुढे झालो, टेबल दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे ओढलं, तोवर डावा बुरूज गेला होता. माउसवर जे काम एका बोटाचं, ते इथं मान, खांदे आणि कंबर मिळून करतात. एजमध्ये पडद्याच्या कोपऱ्यात छोटा नकाशा असतो. त्यावर टिचकी मारली की डोळ्याचं पातं लवायच्या आत तुम्ही राज्याच्या दुसऱ्या टोकाला. व्हीआरमध्ये खेळणाऱ्याला असं भिरकावलं तर पोटात ढवळतं. डोळे म्हणतात आपण हललो, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो जागचे हललो नाही. एसटीत पुस्तक वाचणाऱ्याला मळमळतं, त्याच्या नेमकं उलट. म्हणून त्या लोकांनी डोकं चालवलं: माणूस हलवायचा नाही, टेबल ओढायचं. युक्ती चांगली आहे. फक्त ती ओढाताण पूर्ण होईपर्यंत समोरचा थांबत नाही.

बाराव्या मिनिटाला मी आणखी एका बुरुजाकडे हात फेकला तो थेट कूलरच्या जाळीवर. भाच्यानं जमिनीवर सीमा आखून दिली होती, ती जवळ आली की डोळ्यांसमोर जाळी उमटते. पण लढाईच्या धुमाळीत सीमेकडे कोण बघतं? आतून आवाज आला, "अहो, काय फोडलं?" फुटलं काही नव्हतं, बोटाचं साल गेलं होतं. हेडसेट काढला तेव्हा कपाळावर वळ, चष्म्याच्या काचांवर वाफ आणि बनियन ओला. बाहेर त्रेचाळीस अंश होतं.

आता या तक्रारींतल्या बऱ्याच किरकोळ आहेत, हे मलाही कळतं. क्वेस्ट टूमध्ये एकेका डोळ्याला १८३२ बाय १९२० ठिपके मिळतात. आकडा भारदस्त वाटतो, पण ते ठिपके सुमारे ९० अंशांच्या दृश्यावर पसरलेले असतात. म्हणजे अंशाला वीसेक. चांगली नजर अंशाला साठेक ठिपके वेगळे ओळखते. म्हणून टेबलाच्या पलीकडच्या टोकाला धनुर्धारी आहेत की भालेवाले हे कळायला वाकावं लागतं. हे सुधारत चाललंय. वजन कमी होईल, वाफ धरणार नाही, हॉल मोठा असलेल्या माणसाच्या हाताला कूलर लागणार नाही. माझं भांडण यंत्राशी नाहीच. हेडसेट मला शरीर देतो आणि या खेळाला नेमकं तेच नको असतं, इथं माझं घोडं अडतं.

कोरियातले स्टारक्राफ्टचे कसलेले खेळाडू मिनिटाला तीनशेहून जास्त हुकूम सोडतात. म्हणजे सेकंदाला पाच: इथं घर बांध, तिथं माणूस पाठव, हे दहा मागे घे, ते दहा पुढे काढ. हात हवेत उचलून मिनिटभरात तीनशे वेळा हलवून बघा, जात्यावर पायलीभर दळल्यासारखे खांदे भरून येतील. पण वेग ही अर्धीच गोष्ट. एवढे हुकूम सोडणारा माणूस कुठल्याच एका जागी नसतो. तो पुलावरही असतो, खाणीवरही आणि मेंढ्यांवरही. त्याला मान नाही, पाठ नाही, डावं-उजवं नाही. हेडसेट घातला की पहिल्यांदा पाठ मिळते, आणि पाठ मिळाली की पाठीमागे काय चाललंय ते दिसायचं बंद होतं.

कॅफेत याला आमच्याकडे एक शब्दच होता. कुणी एका चकमकीत रमला आणि बाकी राज्य विसरला की मागून हाळी यायची, "याचा भाऊसाहेब झाला!" पानिपतचा, १४ जानेवारी १७६१ चा दिवस मराठी पोराला वेगळा शिकवावा लागत नाही. अब्दाली मागे राहून कुठली बाजू खचते आहे ते बघत होता, पळून येणाऱ्यांना हाकून परत आघाडीवर धाडत होता आणि राखीव फौज दुपारनंतर आत सोडत होता. इकडे विश्वासरावांना गोळी लागली, सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. माणूस म्हणून त्यांनी जे केलं ते काळजाला भिडतं. त्या ठिकाणी आपणही तेच केलं असतं असं आपल्या प्रत्येकाला वाटतं. पण त्या क्षणी मराठ्यांकडे लढणारा एक वाढला आणि सगळं रण बघणारा कुणी उरला नाही. रिकामी अंबारी पाहून फौजेनं काय समजायचं ते समजून घेतलं.

हेडसेट मला भाऊसाहेब करतो. खेळ मागतो अब्दाली. हे लिहिताना मराठी हात जरा अडखळतो, पण काय करणार.

आमचं गाव डोंगरांच्या वाटीत बसलेलं आहे. संध्याकाळी घाटात गाडी उभी करून मागे वळून बघितलं की अख्खं पुसद एका नजरेत मावतं. पूस नदीची वळणं, दिव्यांची रांग, कुठल्या भागात लाइन गेली आहे तो काळा चौकोनही. आपल्या घरात काय शिजतंय ते मात्र तिथून कळत नाही. खाली बाजारात उतरलं की भाजीवाल्याच्या कपाळावरचा घाम दिसतो, माणसं दिसतात, गाव दिसेनासं होतं. काउंटर-स्ट्राइकसारखे खेळ बाजारातले. त्यांना व्हीआर शोभतो, अगदी शोभतो. भाच्यानं नंतर एक बंदुकीचा गेम लावून दिला तेव्हा मी भिंतीआड वाकून खरोखर श्वास रोखला होता. एज हा घाटातला खेळ आहे.

आणि मग ती खुर्चीमागची माणसं. भाच्यानं मला जे दिसत होतं ते टीव्हीवर लावलं, म्हणजे घरच्यांनाही बघता येईल. माझी पोरगी नववीत आहे. दिवाणावर मांडी घालून पाच मिनिटं बघत होती. मी मान इकडे केली की टीव्ही इकडे, तिकडे केली की तिकडे. मी वाकलो की टीव्हीभर एका सैनिकाची पितळी टोपी. "डावीकडे बघा, डावीकडे!" ती ओरडली, मी डावीकडे वळलो, तर मी आधीच टेबलाला अर्धा वळसा घातलेला, तिची डावी आणि माझी डावी वेगळी झाली होती. नंतर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बघता तेच मला बघावं लागतं. मला दुसरीकडे बघायचं होतं." आणि उठून गेली. जुन्या मॉनिटरवरही चित्र एकच होतं, पण ते जागच्या जागी असायचं. खेळणारा एका कोपऱ्यात गुंतला तरी मागच्याला दुसऱ्या कोपऱ्यात नजर टाकायला कुणाची परवानगी लागत नव्हती. हेडसेटमध्ये मागच्याची नजर खेळणाऱ्याच्या मानेला बांधली जाते, आणि बांधलेल्या नजरेनं कुणी अक्कल देऊ शकत नाही.

कोरियात हे खुर्चीमागे उभं राहणं केवढं वाढलं बघा. तिथं स्टारक्राफ्टचे सामने टीव्हीवर लागायचे, आणि २००४ साली बुसान शहरातल्या ग्वांगल्ली किनाऱ्यावर झालेल्या एका अंतिम सामन्याला लाखभर लोक जमल्याचं सांगतात. समुद्रावर, पोरांचा कॉम्प्युटरवरचा खेळ बघायला. पडद्यावर रणांगण वरून दिसत होतं म्हणून ते शक्य झालं. खेळाडूंच्या माना वळतील तसं हलणारं चित्र बघायला एवढी माणसं किती वेळ टिकली असती?

भाच्याला हे पटलं नाही. "मामा, तुम्हाला जुन्याची सवय आहे. टेबलावर लढाई मांडणं ही तर तुमच्या एजच्याही आधीची गोष्ट." इथं त्यानं मला पकडलं, कारण तो बरोबर होता. मी कॉलेजात एनसीसीत होतो. कॅम्पला सुभेदारसाहेब मैदानात वाळूचं मॉडेल करायचे: रंगवलेला भुसा म्हणजे जंगल, निळा दोरा म्हणजे नदी, खडूचा तुकडा म्हणजे चौकी. आम्ही भोवती उकिडवे. दोन हातांवर डोंगर, त्याच्या पलीकडचा उतार बघायला वाकायचं, उठून दुसऱ्या बाजूला जायचं. कागदी नकाशावरच्या उंचीच्या रेषांपेक्षा ते दहापट लवकर डोक्यात शिरायचं. प्रशियाच्या सैन्यात १८२४ मध्ये राइस्वित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं टेबलावरचा युद्धखेळ रुजवला, त्यात शत्रू कुठं आहे ते मधला पंच सांगेल तेवढंच कळायचं. पुढे एच. जी. वेल्सनं १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' लिहून घरच्या फरशीवर खेळण्यातले सैनिक आणि तोफा मांडायचे नियम दिले.

पण सुभेदारसाहेबांच्या वाळूवर लढाई चालू नसायची. आधी समजून घ्यायचं, हवे तेवढे प्रश्न विचारायचे, मग उठून जायचं. वेल्सच्या फरशीवरही आळीपाळी होती. टेबलाभोवती फिरायला, वाकायला, पलीकडून बघायला वेळ लागतो, आणि तो वेळ देणारा खेळ असेल तर हेडसेटसारखं दुसरं साधन नाही. २०२१ चा 'डेमियो' भाच्यानं दाखवला. चार जण, चार गावांतून, एकाच टेबलाभोवती. फासा टाकायचा, सोंगटी उचलून ठेवायची, दुसऱ्याची पाळी होईपर्यंत गप्पा. त्यात मी पाऊण तास रमलो आणि कूलरला हातही लागला नाही. २०१९ च्या 'फायनल असॉल्ट'मध्ये विमान हातात धरून हवेत त्याची वाट रेखायची असते. तेही झकास, कारण एक वाट रेखली की पुढचं काम विमानाचं. व्हीआरला टेबल जमतं. घड्याळ जमत नाही. तेव्हा माझं म्हणणं एवढंच की नावातलं 'स्ट्रॅटेजी' त्यांनी खुशाल हेडसेटमध्ये न्यावं, 'रिअल टाइम' मात्र मॉनिटरवर राहू द्यावं. बाजारालाही बहुतेक हे कळलं असावं. 'एज ऑफ एम्पायर्स' २०२३ मध्ये एक्सबॉक्सवर आला, २०२४ मध्ये मोबाइलवर आला. हेडसेटवर अजून आलेला नाही.

भाचा परत पुण्याला गेला. हेडसेट ठेवून जातो म्हणाला, मी नको म्हटलं.

जूनमध्ये एक दिवस दुकानात गर्दी होती. कॅफे बंद केल्यापासून मी ऑनलाइन फॉर्म भरून देतो; जून म्हणजे अकरावीचे प्रवेश, उत्पन्नाचे दाखले, पीक विमा. एक जण पुतण्याचा फॉर्म भरायला आला. दाढीत पांढरे केस, हातात आश्रमशाळेची डायरी. आधार नंबर सांगता सांगता थांबला आणि म्हणाला, "भाऊ, मशिनी काय केल्या?" आवाजावरून ओळखलं. दोन वर्षं उभा राहिलेला पोरगा. आता शिक्षक आहे.

माळ्यावर तीन उरल्या होत्या. रविवारी दोघांनी मिळून खाली काढल्या. एकीचा पॉवर सप्लाय गेलेला, दुसरी चालू झाली, तिसरी नुसती बीप बीप करत होती. त्यानं रॅम काढली, माझ्या पोरीच्या कंपासमधलं खोडरबर मागितलं, पितळी दात घासले, फुंकर मारून परत बसवली. चालू. माउसच्या पोटातली गोळी काढून तिच्या रुळांवरचा आठ-दहा वर्षांचा मळ नखानं खरवडला. मधे एक केबल टाकली आणि बसलो. या खेपेला तोही बसला.

पोरगी मुरमुऱ्याचा वाडगा घेऊन माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. बराच वेळ नुसती खात होती. समोरून सरांचे घोडेस्वार आले, मी त्यांच्यात घुसलो, दोन पाडले, तिसऱ्याच्या मागे लागलो.

"बाबा," ती म्हणाली, "तो कोपऱ्यातला माणूस कधीचा रिकामा उभा आहे."